महानंदाच्या मशीनवरची वीस मिनिटं

मंगळवारी सकाळी महानंदाचं कार्ड गेटवर चाललं नाही. तिनं ते पदराला पुसलं आणि पुन्हा लावलं. पुन्हा लाल दिवा. वॉचमननं तिच्याकडं बघायचं टाळून हातातल्या यादीकडं बघितलं.

"अक्का, तुमचं नाव काढलंय. आत सोडायचं नाही म्हणून सांगितलंय."

"काढलंय म्हणजे? कशापायी?"

"मला काय ठाऊक? पत्र येईल म्हणे घरी."

मागनं बायका ढकलायला लागल्या. सहाशे बायका आणि गेट एकच. महानंदा डबा छातीशी धरून बाजूला झाली. मी तिच्या मागं चौथी होते. माझा दिवा हिरवा लागला आणि मी आत गेले. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढं लिहायला धीर व्हायचा नाही.

कन्नड मुलखातल्या होसकोट्याच्या आमच्या कारखान्यात लहान मुलांचे कपडे शिवतात. ते परदेशात जातात. शनिवारी पॅकिंगमध्ये लोखंड शोधणारं यंत्र वाजलं होतं आणि एका फ्रॉकच्या कॉलरमधून सुईचं टोक निघालं होतं. बंडलाच्या चिठ्ठीवर महानंदाच्या मशीनचा नंबर होता. सुयांच्या वहीत त्याच नंबरापुढं मोडकी सुई चिकटवलेली होती, टोकासकट पूर्ण. म्हणजे बाईनं दुसरंच टोक आणून चिकटवलं. ऑफिसच्या दृष्टीनं हिशेब इतका सरळ होता की तिला विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

ते टोक मी चिकटवलं होतं.

झालं होतं असं. शुक्रवारी दुपारी महानंदाला चक्कर आली. नर्सच्या खोलीत जायचं तर वहीत लिहावं लागतं, आणि लिहिलं की सुपरवायझर मंजुनाथ आठवडाभर ते ऐकवतो. म्हणून आमच्या लाईनीत एक रीत आहे. कुणी उठली की शेजारणीनं गुपचूप तिच्या मशीनवर बसायचं. माझं बंडल संपलं होतं, मी बसले. दहा मिनिटांत सुई मोडली.

सुई मोडली की तिचे सगळे तुकडे शोधून वहीत चिकटपट्टीनं लावायचे, तरच नवी सुई मिळते. एक तुकडा जरी हरवला तरी सगळं बंडल बाजूला काढून एकेक कपडा तपासायचा, आणि तोवर लाईन बंद. मी गुडघ्यावर बसून लोहचुंबक फिरवत होते. मंजुनाथ येऊन उभा राहिला.

"काय पद्मक्का, खाली देव सापडला काय?"

"टोक शोधतेय."

"देव सापडला तर त्याला पण टार्गेट सांगा. बेग बेग, लवकर आटपा!"

जमिनीवर कधी एखादं जुनं टोक सापडलं, तर आम्ही बायका ते टाकत नाही. कुंकवाच्या रिकाम्या डबीत जपून ठेवतो. अशा वेळेला उपयोगी पडतं. आजवर कधी काही झालं नव्हतं. मी डबीतलं एक टोक काढून लावलं, महानंदाच्या नंबरापुढं बरोबरची खूण ठोकली आणि नवी सुई घेतली. वीस मिनिटांनी ती परत आली, तोंड धुऊन. "स्वल्प बरं वाटतंय आता," म्हणाली. सुई मोडल्याचं मी तिला सांगितलं. टोकाचं सांगितलं नाही.

मंगळवार गेला, बुधवार गेला. तिच्या मशीनवर दुसरी पोरगी आली. मला दुसरं कुठलं काम येत नाही आणि घरात मिळवती मी एकटीच. ही दोन वाक्यं मी दोन दिवस मनात घोळवली. दोन्ही खरी होती, पण झोप यायला तेवढं पुरेना.

गुरुवारी सुटी झाल्यावर तिच्या खोलीवर गेले. ती मेथी निवडत बसली होती. पत्र ट्रंकेवर पडलं होतं, इंग्रजीतलं.

"शेजारच्या पोरीनं वाचून दाखवलं," ती म्हणाली. "खोटं टोक लावलं म्हणून कंपनीचा माझ्यावरचा विश्वास उडालाय म्हणे. लई दिवस होता वाटतं विश्वास. मला कधी बोलली नव्हती कंपनी."

मी टोकाचं सांगितलं. एका दमात सांगितलं. तिनं निवडायचं थांबवलं नाही.

"कळलंय मला. मी नाही लावलं तर कोण लावणार? माझ्या मशीनवर तूच बसलीवतीस."

"मग ऑफिसात जाऊन सांगितलं का नाहीस?"

"कुठं सांगू? गेटातनं आत सोडतंय कोण?"

मी विचारलं, "तुला बोलावून विचारलं असतं, तर माझं नाव घेतलं असतंस?"

"कुणाला ठाऊक. घेतलं असतं. नसतं बी घेतलं." तिनं काडी मोडून बाजूला टाकली. "ते मी तिथं उभं राहून ठरवलं असतं की गं. अकरा वर्षं झाली मला. तेवढं तरी माझ्या हातात राहिलं असतं. तेबी काढून घेतलं बघ."

निघताना तिनं मला चहा दिला. मी तो प्यायले. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

शुक्रवारी जेवणाच्या सुटीत मी ऑफिसात गेले. बायका ठेवायच्या-काढायचं बघणाऱ्या चंदना मॅडम कंप्युटरकडं बघतच म्हणाल्या, "तोंडी चालत नाही. लिहून द्या."

माझी शाळा निपाणीला, मराठीतनं, सातवीपर्यंत. कन्नड बोलते, पण लिहायला हात चालत नाही. म्हणून मराठीत लिहिलं, दोन पानं. मॅडमनी कागद उलटसुलट करून बघितला आणि अजिंक्यला बोलावलं. तो पुण्याचा, ऑर्डरी बघणारा नवा मुलगा. मंजुनाथही आला.

"ॲक्चुअली मॅडम, हे माझं काम नाहीये," अजिंक्य कुरकुरला, पण वाचायला लागला. एक ओळ मराठीत वाचायची आणि मग इंग्रजीत सांगायची. माझा गुन्हा त्याच्या स्वच्छ पुणेरी आवाजात फार नीटनेटका वाटत होता. डबीचं आलं तसा मंजुनाथ खिडकीबाहेर बघायला लागला. डबी त्यालाही माहीत होती. लाईन वेळेवर संपायची ती उगीच नव्हे.

शेवटच्या ओळीला अजिंक्य थांबला. "मावशी, हेही वाचू?"

"वाच."

"मला काढायचं तर काढा. पण माझं जसं लिहून घेतलं, तसं तिचं कुणी ऐकूनही घेतलं नाही. तिला आधी बोलवा."

चंदना मॅडमनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "पत्र गेलंय. असं मागं घेता येत नाही." मग त्यांनी माझी दोन पानं घडी घालून फाइलीत ठेवली. "गुरुवारी चौकशी ठेवते. दोघींची. तोवर तुम्ही कामावर यायचं नाही."

माझंही कार्ड ठेवून घेतलं.

गुरुवारी महानंदा आली. इस्त्रीचं पातळ, वेणी घट्ट. वॉचमननं पाहुण्यांच्या वहीत तिची सही घेतली आणि आत सोडलं. खोलीत मॅडम, मंजुनाथ, लिहून घेणारा कारकून आणि आम्ही दोघी.

"बोला," मॅडम म्हणाल्या.

मला वाटलं, सुईपासून सुरू करेल. तिनं पहिल्या दिवसापासून सुरू केलं. कोणत्या लाईनीला लागली, काज-बटण कुणी शिकवलं, कॉलरवर कधी बसवलं, किती सुया मोडल्या आणि त्यांची टोकं कुठं कुठं सापडली. मंजुनाथनं घड्याळ बघितलं, मॅडमनी त्याला हातानं थांबवलं. कारकून लिहीत होता. महानंदाला घाई नव्हती. बोलता बोलता ती त्या शुक्रवारपर्यंत आली आणि तिथं थांबली. पाणी प्यायली. माझ्याकडं बघितलं, चांगलं निरखून.

"मला चक्कर आली," ती म्हणाली. "माझ्या मशीनवर पद्मावती बसली. सुई तिच्या हातनं मोडली. खोटं टोक बी तिनंच लावलं."

अकरा वर्षांत तिनं मला पूर्ण नावानं कधी हाक मारली नव्हती. मला बरं वाटलं म्हटलं तर ते खोटं होईल. कारकुनानं नाव नीट लिहावं म्हणून मी ते त्याला एकदा सावकाश सांगितलं.