मिटलेली छत्री आणि धुणेवालीचं गाणं

मी छत्री बोलतेय. काळी, लांब दांड्याची, आता जरा वाकलेली.

आटपाट गाव होतं, विदरली त्याचं नाव. तिथे विल्फ्रेड टॅन्स्ली नावाचे औषधवाले होते, त्यांची म्युरिएल नावाची लेक होती, टेकडीवरच्या हवेलीत लेडी हॉनोरिया होत्या आणि शाळेत गणित शिकवणारे अ‍ॅम्ब्रोज पूक मास्तर होते. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर पाऊस होता. तो नसता तर इंग्लंडात मला कोणी विचारलं असतं?

पोलादी काड्या, बीच झाडाच्या लाकडाची मूठ, वर काळं रेशीम, असा माझा जन्म. पण मी अंगानं थोराड. दुकानात त्या नाजूक पोरींसारख्या छत्र्यांमध्ये टांगून घ्यायची मला लाज वाटायची. एके दिवशी नव्यानंच लग्न झालेल्या अ‍ॅग्नेसबाई आल्या आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही द्या."

"बाईसाहेब, एवढी मोठी पाद्री लोक नेतात, मयताला," दुकानदार म्हणाला.

"नेऊ देत. आम्ही दोघं मावलो पाहिजे. आमच्या यांच्या खांद्यावर थेंब पडला की आठवडाभर शिंकतात. गावाला खोकल्याचं औषध देणारा माणूस!"

अशी मी टॅन्स्लींच्या घरी आले. ते उजव्या हातानं मला धरायचे, डावीकडे अ‍ॅग्नेसबाई चालायच्या. म्युरिएल शाळेत असतानाच बाई गेल्या. पण टॅन्स्लींचा हात काही बदलला नाही. ते मला अजूनही डावीकडे कलती धरायचे. डावी बाजू मोकळी आणि कोरडी, उजवा खांदा चिंब. मग आठवडाभर शिंका. मी काय बोलणार? मला तोंड नाही, नुसता दांडा.

टॅन्स्ली म्हणजे गरीब गाय. रांगेत कोणी त्यांच्या पायावर पाय दिला तर हेच म्हणायचे, "माफ करा हं." नियम मोडणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

दर उन्हाळ्यात हवेलीच्या हिरवळीवर ऑपेरा व्हायचा. गमतीचा, सगळा गाण्यातून. गावातलेच लोक गायचे, गावातलेच ऐकायचे. मध्यंतरात काकडीची सँडविचं, उकडलेली अंडी, आंबटगोड गूजबेरींची पेस्ट्री. वाजवणाऱ्यांवर कापडी मांडव, बाकीचे आभाळाखाली. आणि लेडी हॉनोरियांचा एकच कडक नियम: खेळ चालू असताना छत्री उघडायची नाही. मागच्यांना दिसत नाही.

म्हणजे बघा! दर वर्षी मला काखोटीला मारून न्यायचे, दर वर्षी पाऊस पडायचा आणि मी गवतावर मिटून पडलेली. पंगतीला बोलवायचं आणि पान वाढायचं नाही, तशी माझी गत. छत्री न घेता जाणं वेडेपणाचं, आणि नेलेली उघडणं असभ्यपणाचं. या लोकांचं डोकं असंच चालतं.

शिवाय पाऊस पडतोय असं म्हणायचं कोणी? लेडी हॉनोरिया मांडीवर टोपी घेऊन पुढच्या खुर्चीत बसायच्या. त्यांनी टोपी घातली की पाऊस, तोवर नाही. आणि ती टोपी त्यांच्या डोक्यावर कोणी पाहिली नव्हती.

"मिस ग्रिग्ज, थेंब पडला वाटतं," कोणी हळूच म्हणायचं.

पोस्ट सांभाळणाऱ्या मिस ग्रिग्ज नेहमी आमच्या मागेच बसायच्या. "छे! झाडावरचं पाणी आहे."

"इथे झाड कुठंय?"

"लांबून येतं."

म्युरिएल त्या ऑपेरात तपभर मागच्या रांगेत उभी राहिली. कधी हातात बादली, कधी टोपली. घरी भांडी घासताना गायची ना, तेव्हा मी दाराआडून ऐकायची, आईचाच गळा. पण पोर लाजाळू, आणि मागच्या रांगेतलं माणूस कोणाला दिसतंय? एका माणसाला दिसायचं. पूक मास्तर मांडवात सेलो वाजवायचे. सेलो म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं थोरलं व्हायोलिन. खेळ संपला की मास्तर बापलेकींना फाटकापर्यंत सोडायला यायचे.

"यंदा हवा बरी होती," मास्तर म्हणायचे.

"ओली होती, पण बरी होती," म्युरिएल म्हणायची.

मग मास्तर टोपी उचलून नमस्कार करायचे आणि गुमान निघून जायचे. तपभर हेच! अहो, एवढ्या वेळात आभाळसुद्धा चार वेळा मन मोकळं करतं.

मग ते साल आलं. नव्या ऑपेरात एक न्यायाधीश चुकून स्वतःच्याच अटकेचा हुकूम काढतो आणि स्वतःच तुरुंगात जाऊन बसतो. तिथे त्याची धुणेवाली त्याला गाणं म्हणून धीर देते. ती धुणेवाली म्युरिएलला मिळाली! एकटीनं गायचं, सोबतीला फक्त सेलो. घरी बापानं ते गाणं इतकं ऐकलं की औषधाच्या पुड्या बांधताना तेच गुणगुणायला लागला.

त्या संध्याकाळी न्यायाधीश तुरुंगात गेला आणि आभाळ फाटलं. सगळे ताठ बसून भिजत होते. सँडविचांचा लगदा झाला तरी कोणी ब्र काढला नाही. पण मांडवाचं कापड मध्येच फुगलं आणि त्यातून धार लागली, ती नेमकी मास्तरांच्या सेलोवर. मास्तर अंगानं सेलो झाकू लागले. झाकला तर वाजवणार कसा?

वाद्यवृंद चालवणारे पाद्रीबाबा म्हणाले, "सेलोच्या लाकडाला पाणी लागलं की तो बाद. धुणेवालीचं गाणं गाळू या. थेट शेवटावर जाऊ."

म्युरिएल धुण्याची टोपली घेऊन पुढे आली होती. ती तिथेच थांबली, मग मान खाली घालून एक पाऊल मागे गेली, जुन्या सवयीनं, मागच्या रांगेकडे.

तेवढ्यात माझ्या मुठीवर हात पडला. टॅन्स्ली उठले. मला घेऊन सगळ्या हिरवळीसमोरून चालत मांडवात गेले आणि, देवाशपथ, मला सेलोवर उघडलं! इतक्या वर्षांनी, ऑपेराच्या मधोमध. माझ्या काड्या नुसत्या शहारल्या.

"टॅन्स्ली!" मिस ग्रिग्ज ओरडल्या. "मिटा ती छत्री! मला काही दिसत नाहीये!"

टॅन्स्ली वळले. मला वाटलं, आता म्हणणार, माफ करा हं.

"दिसत नसेल तर ऐका," ते म्हणाले.

पाद्रीबाबांनी लेडी हॉनोरियांकडे पाहिलं. बाईंनी टॅन्स्लींकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. मग मांडीवरची टोपी उचलली, झटकली आणि डोक्यावर ठेवली.

"पाऊस पडतोय वाटतं," बाई म्हणाल्या. "वाजवा, मास्तर."

पाऊस अधिकृत झाला! आता कोणीही छत्री उघडू शकलं असतं. एकानंही उघडली नाही. सगळ्यांना ती पोर बघायची होती.

म्युरिएल गायली. कशी गायली ते मला सांगता येणार नाही. माझ्यावर पाऊस वाजत होता, पण त्या वेळी तोही मला ऐकू आला नाही.

कडवं संपलं, सेलो थांबला. माझ्या खाली कुजबुज सुरू झाली.

"टॅन्स्ली, मी म्युरिएलला लग्नाचं विचारू का?"

"आत्ता?"

"मला इथे चार मात्रांची उसंत आहे."

"अहो, इतकी वर्षं काय करत होतात?"

"हवेबद्दल बोलत होतो."

"विचारा, विचारा. पण आधी वाजवा, तिनं श्वास घेतलाय!"

खेळ संपला तेव्हा टाळ्यांपुढे पाऊस लाजला. फाटकाशी मास्तर म्हणाले, "यंदा हवा…" आणि अडकले. म्युरिएल हसली. "बाबांना विचारलंत ते मलाही विचारा. मी तिथून ऐकत होते."

आता मी म्हातारी झाले. दोन काड्या वाकल्यात, एका जागी ठिगळ आहे. मास्तर-म्युरिएलच्या घरी दाराआड सेलोला टेकून उभी असते. हिरवळीवरचा नियम अजून तोच आहे, पण खेळाआधी लेडी हॉनोरिया उभ्या राहून सांगतात, "कोणी छत्री उघडायची नाही. सेलोवरची सोडून." ती मी!

तुमच्याही दाराआड कोणी मिटून उभं असेल, तर त्याला एकदा उघडून बघा. एवढंच मागणं.

टॅन्स्ली आजोबा अजून मला डावीकडे कलती धरतात. उजवा खांदा अजून भिजतो, शिंका अजून आठवडाभर चालतात. पण डावीकडे आता त्यांचं बोट धरून छोटी अ‍ॅग्नेस चालते, आजीच्या नावाची, आणि मोठ्यानं धुणेवालीचं गाणं म्हणते. जशी त्यांची डावी बाजू भरली, तशी तुमची आमची भरो.