जिन्याची उघडी बाजू

"भाऊ, आता एक काय ते सांगा," लहानू मिस्त्री जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून म्हणाला. "कठडा का फरशी? दोन्ही म्हणाल तर एवढ्यात व्हायचं नाय."

ज्ञानेश खाली अंगणात उभा होता. म्हसरूळच्या त्या प्लॉटवर दीड वर्ष त्याचं घर उठत होतं. सातपूरच्या एका कारखान्यात तो स्टोअरकीपर होता. वीस वर्षांत तिथला एक नटबोल्ट त्याने इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता, पण घराचा मेळ त्याला शेवटपर्यंत बसवता आला नाही. पाया खणायला घेतला तेव्हा चार फुटांवर मुरूम लागेल असं सगळे म्हणाले होते. काळी माती आठ फुटांपर्यंत संपली नाही. जो पैसा वर दिसायचा तो जमिनीत गेला, आणि तेव्हापासून प्रत्येक गोष्टीत एकेक पाऊल मागे यावं लागलं. सागाच्या चौकटींऐवजी सिमेंटच्या आल्या. गच्चीवरची खोली कागदावरच राहिली. जिना मात्र बाहेरूनच काढला, पुढेमागे वर दोन खोल्या बांधून भाडेकरू ठेवता येईल म्हणून. सतरा पायऱ्या. एका अंगाला घराची भिंत, दुसऱ्या अंगाला काहीच नाही.

"कठडा आधी करा," छाया म्हणाली. ज्ञानेशची बायको पाइप धरून नव्या गिलाव्यावर पाणी मारत होती. "फरशीचं काय, कोब्यावर सतरंजी टाकू."

"आणि देवळ्याची माणसं आल्यावर?" ज्ञानेश म्हणाला. " महिन्याभरात येताहेत आपल्या दिशाला बघायला. ते काय जिना बघायला येणार आहेत? बसणार हॉलमध्ये."

"पोरीला बघायला येणार ना, का फरशीला?"

"दोन्हीला. तुला काय माहीत नाही का?"

छायाने पाइप दुसऱ्या भिंतीकडे वळवला. भिंतीलगत विटांच्या थप्पीवर ज्ञानेशचे वडील बसले होते. सगळे त्यांना नाना म्हणत. मखमलाबादच्या मळ्यात त्यांनी आयुष्यभर शेवंती, बिजली, गलांडा पिकवला आणि पहाटे फुलबाजारात नेऊन विकला. आता मळा थोरला चिमाजी बघत होता. नव्या घरात धाकट्याकडे राहायला यायचं नानांनी कबूल केलं होतं, आणि काम सुरू झाल्यापासून ते रोज मळ्यातून चालत इथे येत.

"माझ्यासाठी म्हणत असाल तर राहू द्या," ते म्हणाले. "मी भिंतीच्या कडंनं चढतो. विहिरीच्या कडंला, थारोळ्यावर जल्म गेला माझा."

"फरशी," ज्ञानेश मिस्त्रीला म्हणाला. "कठडा दिवाळीला करू."

फरशी बसली. पांढरी, गुळगुळीत, उजेड पडला की अख्खा हॉल मोठा दिसायचा. देवळ्याची माणसं आली. मुलाच्या वडिलांचा कांद्याचा व्यापार होता. चहा पिताना त्यांनी चपलेतून काढलेला पाय फरशीवरून हळूच फिरवला आणि म्हणाले, "घर चांगलं बांधलंय बरं का तुम्ही." ज्ञानेशला तेव्हा वाटलं, आपला निर्णय बरोबर होता. दिशाचं लग्न मार्गशीर्षात ठरलं. मग दिवाळीचा बोनस लग्नाकडे गेला, आणि कठडा लग्नानंतरवर.

अगदीच काही केलं नाही असं नाही. राहायला आल्यावर एका रविवारी ज्ञानेशने जिन्याच्या उघड्या बाजूला चार बांबू उभे केले, त्यांना नायलॉनचा दोर ताणून बांधला. नानांनी दोर हलवून पाहिला. "झालं की. अजून काय पाहिजे?" गच्चीवर त्यांनी तेलाच्या रिकाम्या डब्यांतून शेवंती लावली होती. सकाळ-संध्याकाळ ते पाण्याची कळशी घेऊन वर जात.

लग्नाच्या आधी मांडववाला आला. घरावर दिव्यांच्या माळा सोडायच्या होत्या. "हे बांबू काढा राव," तो म्हणाला. "घराचं काम चालू असल्यासारखं दिसतंय." ज्ञानेशने स्वतः गाठी सोडल्या आणि बांबू मागच्या बाजूला टाकले. लग्न पार पडलं. पाहुणे गेले, मांडव उतरला. दिशा नसलेल्या घरात दोघांनाही काही करावंसं वाटेना. मागे पडलेल्या बांबूंपैकी एकावर छायाने कपडे वाळत घालायची तार बांधली. बाकीचे तिथेच राहिले.

पौषातल्या एका सकाळी छाया पोळ्या लाटत असताना बाहेर पोतं टाकल्यासारखा आवाज झाला. ती धावली. जिन्याखाली बांधकामातली उरलेली खडी पडून होती, तिच्यावर नाना एका कुशीवर पडले होते. कळशी अंगणात घरंगळत गेली होती.

"उठवू नकोस," ते म्हणाले. "पाय माझा राह्यला नाय."

कोपऱ्यावरच्या दुकानातून तिने कारखान्यात फोन लावला. ज्ञानेश थेट दवाखान्यात पोचला तेव्हा नानांना स्ट्रेचरवर घेतलं होतं. खुब्याचं हाड मोडलं होतं. तरुण डॉक्टर कागदावर लिहून घेत होता.

"आजोबा, पडलात कसे?"

"मोरीत," नाना म्हणाले. "पाय घसरला."

ज्ञानेशने छायाकडे पाहिलं. ती खाली बघत होती. डॉक्टर बाहेर गेल्यावर नानांनी ज्ञानेशचं मनगट धरलं. "जिन्याचं नाव काढायचं नाय. चिमाजीला कळलं तर तो तुला सुखानं ऱ्हाऊ द्यायचा नाय. मोरीत पडलो म्हणजे मोरीत पडलो."

त्या क्षणी ज्ञानेशला हलकं वाटलं. वडील समोर वेदनेने पिवळे पडले होते आणि आपल्याला हलकं वाटलं, ही गोष्ट त्याने पुढे कधीच कुणाला सांगितली नाही. पण तो ती विसरलाही नाही.

ऑपरेशन झालं, आत सळई बसवली. वॉकर धरून चालता येईल असं डॉक्टर म्हणाले, पण नानांनी उभं राहायचं मनावरच घेतलं नाही. हॉलमध्ये त्या पांढऱ्या फरशीवर त्यांची खाट टाकली. भेटायला माणसं येऊ लागली. मळ्यातली, फुलबाजारातली, नात्यातली. प्रत्येकाला नाना तेच सांगत, आणि प्रत्येक जण ते ऐकून छायाकडे वळे.

"म्हातारं माणूस घरात हाय म्हटल्यावर मोरी कोरडी नको का ठेवायला?" चुलत सासू लंकाबाई म्हणाली. "साबणाचं पाणी टाकून दिलं असेल तसंच."

एकदा चिमाजी स्वतः मोरीत जाऊन बघून आला. "गुळगुळीत फरश्या कशाला घातल्या रे? अन् घातल्या तर पुसायला नको का घरातल्या बाईनं?"

छायाने सगळ्यांना चहा दिला. पाहुणे येणार असं कळलं की ती आधी मोरीत जाई आणि कोरडी असलेली मोरी पुन्हा फडक्याने पुसून येई. एका दुपारी ज्ञानेशने तिला तसं करताना पाहिलं.

"कशाला पुसतेस? कोरडीच आहे."

"बघतात ना लोक आत जाऊन," ती म्हणाली आणि फडकं पिळून तारेवर टाकायला गेली.

ती भांडली असती, रडली असती, तर त्याला सोपं गेलं असतं. 'कठडा आधी करा' हे वाक्य तिने एकदाही पुन्हा उच्चारलं नव्हतं.

माघ लागला तेव्हा चिमाजी टेम्पो घेऊन आला. मागे गादी अंथरलेली होती, सोबत मळ्यातले दोन गडी होते.

"नानांना घेऊन चाललो मी," तो म्हणाला. "तू कारखान्यात जातोस, तुझ्यामागं इथं त्यांना बघायला कोण? हिच्या भरवशावर ठेवू? एकदा पाडलं तेवढं पुरे झालं."

छाया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातात नानांच्या धुतलेल्या धोतराची घडी होती. ज्ञानेशला दिसलं की ती घडी ती पुन्हा पुन्हा नीट करते आहे.

"दादा," तो म्हणाला, "नाना मोरीत पडले नाहीत."

"ज्ञान्या!" खाटेवरून नाना ओरडले.

"जिन्यावरून पडले. कठडा नाही जिन्याला. मी नाही केला. ही म्हणत होती आधी कठडा करा, मी फरशी घातली. दोर बांधला होता, तोही लग्नात मीच सोडला, परत बांधला नाही. हिचा काही संबंध नाही."

चिमाजी बाहेर गेला. तो जिना चढताना त्याच्या वहाणांचा आवाज आत येत होता. आठ-नऊ पायऱ्यांवर आवाज थांबला. बराच वेळ तो तिथेच उभा असावा. परत आत आला तेव्हा त्याने ज्ञानेशकडे पाहिलंच नाही.

"छाया," तो म्हणाला, "मी लय बोललो तुला."

"असू द्या, दादा," ती म्हणाली. तिने धोतराची घडी त्याच्या हातात दिली.

नानांचा चेहरा मात्र लाल झाला होता. ज्ञानेश त्यांना उचलायला वाकला, तर त्यांनी त्याचा हात झटकला.

"अठ्ठ्याहत्तर वर्षांत एक खोटं बोललो," ते म्हणाले. "तुझ्यापायी बोललो. तेवढंबी तुला टिकवता आलं नाय."

"नाना, ती महिनाभर..."

"मला दिसत नव्हतं का?" त्यांचा आवाज एकदम उतरला. "दिसत व्हतं. पण आता माघार कशी घ्यावी, ते कळंना."

गड्यांनी त्यांना उचलून टेम्पोत ठेवलं. टेम्पो वळेपर्यंत त्यांनी तोंड पलीकडे फिरवून ठेवलं होतं.

त्याच आठवड्यात ज्ञानेशने कारखान्याच्या सोसायटीतून उचल घेतली आणि लहानू मिस्त्रीला बोलावलं. चार दिवसांत विटांचा कठडा उभा राहिला, दोन दिवसांत गिलावा झाला. छाया रोज त्याच्यावर पाणी मारायची. चांगला झाला असं दोघांपैकी कुणीही म्हटलं नाही.

दर रविवारी ज्ञानेश मखमलाबादला जाऊ लागला. नाना मळ्यातल्या पडवीत खाटेवर असत. तो त्यांची दाढी करी, पाठ पुसे, चादर बदले. नाना सगळं करून घेत, पण बोलत नसत. चार रविवार असे गेले. चिमाजी आल्यागेल्याची करावी तशी विचारपूस करी आणि कामाला लागे.

पाचव्या रविवारी चिमाजी फुलं घेऊन बाजारात गेला होता. ज्ञानेशने वस्तरा धुऊन ठेवला, इतक्यात नाना म्हणाले, "उचल मला."

"बसतं करू?"

"बसतं नाय. उचल. चिमाजीनं विहिरीपल्याड गलांडा लावलाय म्हणतात. हितनं दिसत नाय."

ज्ञानेशने एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली घालून त्यांना उचललं. ज्या माणसाने भरलेल्या करंड्या डोक्यावर घेऊन फुलबाजारापर्यंतची वाट तुडवली होती, त्याचं वजन सिमेंटच्या अर्ध्या गोणीएवढंही लागलं नाही. नानांनी एक हात त्याच्या मानेभोवती टाकला. बांधावरून तो जपून चालला. पाटाचं पाणी नुकतंच फिरलं होतं, माती ओली होती.

विहिरीपलीकडे लाल-पिवळा गलांडा उन्हात दूरवर पसरला होता. नानांनी डोळ्यांवर आडवा हात धरून तो पाहिला.

"सऱ्या वाकड्या पाडल्यात त्यानं," ते म्हणाले.

ज्ञानेश थांबला. "दमलात का, नाना? जायचं माघारी?"

"तू दमलास का?"

"नाही."

"मग चल अजून थोडं," नाना म्हणाले. "त्या टोकापर्यंत."