निःपक्ष साक्षीदार

मी कॉलेजात मराठी शिकवतो. नैतिकतेशी माझा अधिकृत संबंध आला तो एका सरकारी अटीमुळे. माणसांवर संशोधन करायचं असेल तर कॉलेजात नैतिकता समिती हवी, नाहीतर अनुदानाचा अर्ज कुणी उघडूनही बघत नाही. आमच्याकडे कबड्डीची समिती होती, वृक्षारोपणाची होती, नैतिकतेची नव्हती. प्राचार्यांनी एका दुपारी ती स्थापन केली आणि मोकळ्या तासाला स्टाफरूममध्ये सापडलो म्हणून मला सदस्य करून टाकलं.

अर्ज धम्मशीला तायडेचा होता. ती आमच्याकडे गृहअर्थशास्त्र शिकवते. घरोघरी बाळंतपणं केलेल्या म्हाताऱ्या दायांचं कसब त्यांच्याबरोबर संपायच्या आत लिहून ठेवायचं, असा तिचा विषय. कॉलेजच्या आवारात कुणाला त्यात काही दिसलं नाही. मला दिसलं, पण मला विचारतो कोण? अनुदानाला वयाची अट होती आणि पुढच्या वर्षी ती त्यात बसणार नव्हती. म्हणजे हा अर्ज गेला की गेलाच.

कागद जमवताना तिने जे सोसलं ते मी पाहिलं आहे. संस्थेचं ना हरकत पत्र संस्थेच्या लेटरहेडवर हवं, आणि लेटरहेड अध्यक्षांच्या घरी, अध्यक्ष लग्नाला. याआधी कुठलंही अनुदान घेतलं नाही, असं प्रतिज्ञापत्र. घेतलं असेल तर त्याचं विनियोग प्रमाणपत्र. दोन्ही रकाने भरल्याशिवाय पोर्टल पुढे सरकत नव्हतं, तेव्हा न घेतलेल्या अनुदानाच्या विनियोगाचाही एक कागद तिने जोडला. त्यावर शून्य लिहिलं होतं आणि खाली प्राचार्यांची सही आणि शिक्का.

शेवटी राहिली संमतिपत्रं. नमुना इंग्रजीत आला होता, त्याचं मराठी मी केलं. ‘सहभागी व्यक्तीची ओळख गोपनीय राखली जाईल’ वगैरे. धम्मशीलाने ते वाचलं आणि म्हणाली, "सर, हे दायांना वाचून दाखवायचं आहे. विद्यापीठाला नाही." मला राग आला, पण मी ते बदललं. ‘तुमचं नाव कुठंही येणार नाही’ असं साधं केलं. अंगठा देणाऱ्या बाईसाठी एक निःपक्ष साक्षीदार लागतो, अशीही अट होती. तोही मीच.

आम्ही पिंपळगाव राजाला गेलो. तिथल्या आशा सेविकेने, पूनमने, दायांना विहारात बोलावून ठेवलं होतं. बाया आल्या त्या पिशव्या घेऊन. प्रत्येकीने आधारची झेरॉक्स आणली होती, बँकेच्या पासबुकाची आणली होती, आणि दोन फोटो. धम्मशीलाने विचारलं, हे कशाला? तर एक जण म्हणाली, "सरकारी कागदावर अंगठा द्याचा म्हनलं, मंग हे लागतेच ना." कितीही सांगितलं तरी त्या झेरॉक्सा परत घेईनात. आज नाही म्हणता, उद्या मागाल, असं त्यांचं म्हणणं, आणि अनुभव त्यांच्या बाजूने होता.

धम्मशीलाने कागद वाचून दाखवला. नाव येणार नाही, हे ऐकल्यावर त्यांच्यातल्या नूरजहांबींचा जीव भांड्यात पडला. "नाम नहीं आएंगा ना? फिर अच्छा है, बाई. बेटे को पसंद नहीं, मैं अब भी जचकी को जाती करके." त्यांनी लगेच अंगठा दिला. मागून बाकीच्यांनीही दिला.

जनकाबाई तेवढ्या उठून उभ्या राहिल्या. सत्तरीच्या पुढची, सडपातळ बाई. तिथल्या बाकीच्या सगळ्या जणी हे काम यांच्याच हाताखाली शिकलेल्या. धम्मशीलाचा अर्धा प्रस्ताव या एका बाईवर उभा होता.

"नाव काऊन नाही येनार?"

"मावशी, तो नियम हाय," धम्मशीला म्हणाली. "तुमाले कोनी त्रास देऊ नये म्हून. घरी बाळंतपन काऊन केलं, दवाखान्यात काऊन नाही नेलं, असं कोनी पुसलं तर?"

"पुसू दे. रस्ता नव्हता तवा नेनार कुठी? सांगीन मी." मग त्या माझ्याकडे वळल्या. "मास्तर, जन्माच्या दाखल्याचा कागद भरते ना, त्यात बाळंतपन कोनं केलं ते लिवा लागते. तिथी काय लिवते, ठावं हाय? पारंपरिक दाई. खूण करते फकस्त. इतके लेकरं या हातात आले, एकाच्याबी कागदावर मी नाही."

"आधारवर आहे की नाव," मी म्हणालो. बोललो आणि लगेच पस्तावलो.

"ते राशनचं नाव हाय. कामाचं कुठी हाय?"

त्या अंगठा न देताच घरी गेल्या.

प्राचार्यांना यात अडचणच दिसली नाही. एक दाई गाळा, बाकीच्या आहेतच. धम्मशीला म्हणाली, "सर, ज्यांच्याकडून सगळ्या शिकल्या त्यांनाच गाळून मी लिहू काय?" प्राचार्य म्हणाले, तुमची मर्जी. समितीच्या बैठकीत बिस्किटं खाताना यावर चर्चा झाली आणि ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ असा ठराव झाला. याचा अर्थ कुणीच विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी धम्मशीला एकटी पिंपळगावला निघाली होती. साक्षीदार लागेल म्हणून मीही गेलो. जनकाबाईंच्या संमतिपत्रावर तिने नाव न येण्याची ओळ खोडली आणि वर पेनने लिहिलं : माझे नाव छापावे, अशी माझी इच्छा आहे. तिने ते वाचून दाखवलं. जनकाबाईंनी पुन्हा वाचायला लावलं. मग अंगठा दिला, आणि अंगठ्यापुढे पूर्ण नाव लिहायला सांगितलं : जनकाबाई कडूबा हिवराळे. मी खाली सही केली. परतताना मी धम्मशीलाला विचारलं, हे चालेल का? ती म्हणाली, बघू. मला तेव्हाच कळायला हवं होतं की तिला उत्तर माहीत आहे.

उत्तर पावसाळ्यात दिल्लीहून आलं. अर्ज तज्ज्ञांपर्यंत पोचलाच नव्हता. कागदपत्रांच्या छाननीतच बाद झाला. कारण एकच दिलं होतं. सहभागी व्यक्ती श्रीमती जनकाबाई कडूबा हिवराळे यांची ओळख उघड करण्यात आली आहे; हे नैतिक निकषांचं उल्लंघन आहे.

धम्मशीलाने त्याचं प्रिंट काढलं. म्हणाली, मावशींना दाखवून येते. मी म्हटलं, कशाला म्हाताऱ्या जिवाला घोर? पण ती निघाली, आणि मीही गेलो.

जनकाबाई ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत नव्हत्या, लुगड्याला टाका घालत नव्हत्या, नुसत्या बसल्या होत्या. कागद इंग्रजीत होता. मी वाचला आणि अर्थ सांगितला.

"यात माह्यं नाव कुठी हाय?"

मी दाखवलं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"पुरं हाय? कडूबाबी हाय?"

"आहे."

"म्हंजे दिल्लीच्या मानसानं वाचलं." त्या खुशीत होत्या. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी धम्मशीलाकडे पाहिलं. "अन् तुह्यं? भेटलं का तुले?"

"नाही."

"माह्या नावापायी?"

मला वाटलं ती नाही म्हणेल. कुणीही म्हटलं असतं.

"हाव," धम्मशीला म्हणाली.

"तुले ठावं होतं, असं होईन म्हून?"

"वाटत होतं."

"मंग आधी काऊन नाही सांगतलं? मी तसाच अंगठा देला असता, बिननावाचा."

"म्हूनच नाही सांगतलं, मावशी."

मला धम्मशीलाचा राग आला होता, आणि तिच्यापुढे आपण किती लहान आहोत हेही कळत होतं. मग जनकाबाईंनी कागदाची घडी घालून ती कमरेला खोचली आणि मांडी ठीक केली.

"पुस आता."

"काय?"

"जे पुसायचं होतं ते. त्याईनं नाही देलं म्हून का मी मुकी झाली?"

धम्मशीलाने मोबाईल रेकॉर्डिंगला लावून मध्ये ठेवला. पण तिला बोलता येईना. ती रडत होती, तोंड दुसरीकडे करून, आवाज न करता. जनकाबाई वाट बघत होत्या.

म्हणून पहिला प्रश्न मी विचारला.