जाईबाईंचा प्रश्न

“‘माणूस हात जोडतो ते दोनच कारणांनी. एक अज्ञान, दुसरी भीती. ही दोन्ही गेली की हात आपोआप सुटतात.’” बाबासोंनी तिसऱ्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य वाचलं आणि बायकोकडे पाहिलं. “जमलंय न्हवं?”

“एकोणीस वर्षं हेच वाक्य ऐकतेय,” अरुणाताई म्हणाल्या. “आता प्रेसला फोन करा. मितेश सकाळपासून खोळंबलाय.”

त्यांच्या खांदेश्वरच्या फ्लॅटच्या दारात मासळी विकायला येणाऱ्या जाईबाई नेहमीसारख्या मासळी साफ करत बसल्या होत्या.

बाबासो महापेच्या एका कारखान्यात मीटर दुरुस्त करायचे. काटा खरं सांगतोय का, हे तपासण्यात नोकरी संपली आणि तीच सवय घरीही राहिली. पत्रिका न पाहता लग्न केलं, वास्तुशांत न करता राहायला आले. कुणी काहीही सांगितलं की विचारायचे, “कशावरनं?” भावकीनं बोलावणं सोडलं. ते पहाटे उठून हे एकच पुस्तक लिहीत राहिले. आता उजवा डोळा गेला होता. डावा किती दिवस, ते डॉक्टरही सांगत नव्हते.

“दादा, एक इचारू?” जाईबाईंनी कोयता थांबवला. “आज पंचमी. पाचाची पाऊनपट केली का भरती पावनेचारला. बापानं शिकवलंय. मंजे मी अज्ञानी नाय ना?”

“नाही.”

“त्याच बापाला खाडीनं नेला. तरी मी होडी घेऊन जातंय. भ्याव पन नाय. पन नारली पुनवेला नारल टाकतंय, हात जोडतंय. तुमचे पुस्तकान मी कंच्या पानावर हाय?”

“मग जोडता कशाला?”

“पोसते ना ती आमाला. आईला काय भ्यावानं हाक मारतान?”

बाबासोंनी मोबाइलवर भरतीची वेळ काढली. तीन एकावन्न. ते उठले. खोलीत एक फेरी मारली, मग दुसरी.

“अरुणा, जाईबाईंनी तिसरं प्रकरण पाडलं. अख्खं पाडलं.” आणि ते हसायला लागले.

“हसताय काय?”

“अगं, चूक सापडली. छापायच्या आधी सापडली.” त्यांनी फोन लावला. “मितेश, छपाई थांबव. प्रकरण नव्यानं लिहायचंय. किती दिवस ते माहीत नाही.”

अरुणाताईंनी त्यांच्या डाव्या डोळ्याकडे पाहिलं. मग त्यांनी टेबल खिडकीपाशी, उजेडात ओढलं.

बाबासो कोरा कागद घेऊन बसले. “जाईबाई, नाव घालतो तुमचं.”

“माजं कशाला?”

“प्रश्न तुमचा आहे. दुसऱ्या कुणाचं घालू?”

जाईबाईंनी कोयता बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, “मंग पुरं लिवा. जाईबाई हसुराम कोली.”

बाबासोंनी डोळा कागदाजवळ नेऊन लिहिलं. अक्षरं बोटभर उंच आली, अर्धं पान त्यातच भरलं. जाईबाई हात धुऊन आल्या, पदराला कोरडे केले आणि कागदाला न शिवता वाकून पाहू लागल्या.

“यातलं जाई कंचं?”

बाबासोंनी त्यावर बोट ठेवलं.