झाडलोटीची पोती

वांग्याच्या सरीला पाणी लावून भानुमती बांधावर आली, तर पुलाखालच्या वाटेनं तिघं जण येताना दिसले. पुढं शंकरतात्या, मागं धाकटा दीर श्याम आणि मधे पांढऱ्या शर्टातला, चिखल टाळत पाय टाकणारा तिचा नवरा, नरसिंह. सात वर्षांनी दिसत होता.

"शिवांगे, चटई टाक," तिनं खोपीकडं बघून हाक दिली. "आन् तांब्या भर. तुजा बाप येतोय."

शिवांगी दारात आली. पोरगी दिल्लीतच वाढलेली. "पर कोर्ट की तारीख तो सोमवार की है ना? मग आज का आलेत?"

"त्येच बगायचं हाय."

जून तोंडावर आला होता. यमुनेच्या पात्रात लूचा गरम वारा नुसता सणसणत होता. वाळू अशी तापलेली, की काकडीचा वेल दुपारी मान टाकायचा आणि पाणी मिळालं की संध्याकाळी पुन्हा उचलायचा. पलीकडं मयूर विहारच्या नव्या इमारती चढत होत्या. नदीकाठचा हा तुकडा भानुमतीनं खंडानं घेतला होता. लग्न होऊन ती खानापूर तालुक्यातून आली ती थेट करोल बागेत. तिच्या भागातली माणसं तिथं एका गल्लीत सोनंचांदी गाळायची दुकानं चालवत. नरसिंहाचंही दुकान होतं. पुढं त्यानं तिला पोरीसकट घराबाहेर काढलं. कोर्टानं पोरीसाठी पोटगी बांधून दिली, तेव्हा हा दुकान श्यामच्या हवाली करून शारजाला निघून गेला. पोटगीचा एक पैसा तिच्या हाती आला नाही. आता पैसा कमवून परत आला होता, गुडगावात फ्लॅट घेणार होता, पण थकलेल्या पोटगीपायी त्याच्यावर वॉरंट निघालं होतं. इकडं शिवांगीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फी भरायची राहिली होती.

तात्यांनी हातपाय धुतले, चूळ भरली. श्यामनंही धुतले. नरसिंहानं तांब्या दोन्ही तळव्यांत धरला, पायांवर पाणी ओतलं आणि खाली ठेवला.

"हात?" भानुमतीनं विचारलं.

"रिक्षात पुसलं रुमालानं."

तिनं भाकरी आणि वांग्याचं भरीत पुढं केलं. तात्यांनी घास घेतला. नरसिंहानं ताट बाजूला सारलं. "पोट भरलंय."

"शारजाला लईच भरल्यालं दिसतंय," ती म्हणाली. पण ताट उचलताना तिनं त्याच्या हातांकडं बघितलं. गल्लीतला प्रत्येक कारागीर सोन्याचा कण अडकू नये म्हणून नखं बोडकी ठेवायचा. ह्याची वाढलेली होती.

तात्या गल्लीतले सगळ्यांत जुने. त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. "भानुमती," ते म्हणाले, "ह्यो म्हनतो, पोटगी पोचली हाय."

"कशी पोचली? सपनात?"

"आगं, दर दिवाळीला झाडलोटीचं पोतं धाडलंय," नरसिंह म्हणाला. "श्यामला सांगून ठिवल्यालं. इचार त्याला."

"व्हय वैनी, म्याच आनून टाकायचो की."

ते खरं होतं. गाळायच्या दुकानात वर्षभर सोन्याचे कण सांडतात. फरशीवरची ती माती कुणी टाकत नाही, दिवाळीच्या तोंडावर धुऊन, आटवून सोनं काढतात. चालत्या दुकानाच्या झाडलोटीवर एखाद्या घराचं वर्ष निघून जातं. श्याम दरवर्षी एक पोतं बांधावर टाकून जायचा, हेही खरं.

"पयलं पोतं म्या धुतलं," भानुमती म्हणाली. "कोळसा आन् सोनं गाळायच्या फुटक्या मुशी. बाकीची पुराच्या पान्याला आडवी लावली. ती बगा, तशीच हाईत."

"तुला धुता आलं न्हाई," नरसिंह हसला. "सोनं बांधाला लावून बसलीस आन् माज्यावर वॉरंट काडलंस. तात्या, तुमीच न्याय करा."

तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. "आत्ताच धुऊया. सोनं निगालं तर पोटगी पोचली, आसं मी सोमवारी कोर्टात सांगनार. न्हाई निगालं तर न्हाई पोचली, आसं सांगनार. कबूल?"

"कबूल," नरसिंह लगेच म्हणाला. "कुटलंबी पोतं काडा. म्या सोता धुतो."

भानुमतीला ते 'कुटलंबी' खटकलं. सात वर्षं परदेशात बसलेल्या माणसाला कुठल्या पोत्यात काय आहे, हे न बघता सांगता येत होतं? आणि धुवायला तात्यांसारखा जाणता माणूस समोर असताना ह्याचीच बाही वर का जात होती? तिनं श्यामकडं पाहिलं. तो नदीकडं बघत होता.

"तात्या," ती म्हणाली, "तुमच्या दुकानात झाडलोट धुयाच्या आदी काय करत्यात?"

"काय म्हंजे? हात धुत्यात. आन् त्ये पानी..." तात्या थांबले. "येगळं ठिवत्यात."

हा गल्लीचा जुना रिवाज. एका दुकानाच्या मातीत दुसऱ्या दुकानाचं सोनं मिसळू नये, म्हणून धुणाऱ्यानं आधी वेगळ्या परातीत हात धुवायचे.

"ह्ये काय दुकान हाय का? वांग्याचं रान हाय ह्ये," नरसिंह म्हणाला.

"रान आमचं. माती दुकानाची हाय, तुमीच म्हन्ला की."

शिवांगीनं परात, साबण आणि जुना दात घासायचा ब्रश आणून ठेवला. नरसिंहानं तळवे नुसते ओले केले.

"वैनी, कशाला उगं टाइम घालवताय?" श्याम पुटपुटला.

"नीट धू," तात्या म्हणाले.

भानुमतीनं पुढं होऊन नवऱ्याचा हात धरला. किती वर्षांनी धरत होती. हात मऊ झाला होता. तिनं एकेका नखाखाली ब्रश फिरवला. नखाखाली काळं, मेणासारखं चिकट काहीतरी होतं, ते सुटून पाण्यात बसलं. मळच असेल तर? तिच्या मनात आलं. उगीच संशय घेतला असेल, तर तात्यांसमोर तोंड कसं दाखवायचं? पण हात तिनं सोडला नाही. दहाही बोटं झाली, तेव्हा तात्यांनी ती परात आपल्याजवळ ओढून घेतली.

मग पोतं फोडलं. नरसिंह दुसऱ्या परातीत माती घेऊन पाणी हेलकावू लागला. काळं पाणी सरीत वाहून गेलं. तळाला वाळू राहिली आणि कोळसा.

"दुसरं काडा," तो म्हणाला.

दुसरं काढलं. त्यातही तेच.

"नदीच्या पान्यानं व्हावून गेलं आसल."

तात्यांनी हात धुतलेल्या पाण्याची परात मांडीवर घेतली आणि म्हाताऱ्या, सवयीच्या हातानं हळूहळू फिरवू लागले. फेस गेला. काळपट गाळ कडेला सरकला. उन्हं उतरत होती. परात जराशी कलती झाली आणि गाळाच्या टोकाला एक पिवळी रेघ उमटली.

"आई, ये तो चमक रहा है," शिवांगी म्हणाली.

"दादा, म्या नगं म्हनलं हुतं," श्यामनं खाली मान घातली.

"गप की!" नरसिंहानं परातीला हात घातला. "आना हिकडं. सोनं माजं हाय त्ये."

तात्यांनी परात मागं घेतली. "तुजंच हाय. नखांत भरून आनल्यालं. पोत्यातलं न्हाई, ह्ये आता तुज्याच तोंडून निगालं. सोमवारी मी कोर्टात येतो, भानुमती. काय बगितलं त्ये सांगतो. पोरीच्या फीला उशीर व्हायचा न्हाई."

भानुमतीनं मान हलवली. तिकडं वांग्याची सरी तुडुंब भरून पाणी काकडीत शिरलं होतं. तिनं खोरं घेतलं, पाणी वळवलं, फोडलेली पोती शिवांगीला दोरीनं पुन्हा बांधायला लावली आणि बांधावर होती तिथं टाकली. पावसाळा जवळ आला होता.

परत आली तेव्हा नरसिंह चटईच्या कडेवर उभाच होता. रिक्षा पुलापलीकडं, तात्यांचं जेवण अर्धं राहिलेलं आणि त्यांच्याआधी उठून जायची कुणाची छाती नव्हती.

तिनं झाकून ठेवलेलं ताट पुन्हा त्याच्यापुढं सरकवलं.

"बसा आता जेवाया," ती म्हणाली. "हात धुऊन झाल्यात."