सुटली नऊ दहा, पोचली एक चाळीस

इस्त्री केलेला शर्ट तिने हँगरवरून काढला, दोन्ही हातांनी त्याचा बोळा केला आणि त्यावर बसली. मनातल्या मनात शंभर आकडे मोजून उठली, शर्ट उलगडून पाहिला. चुण्या पडल्या होत्या, पण नावापुरत्या. अठरा वर्षं ती लाँड्रीत इस्त्री करत होती. तिच्या हातून गेलेला कपडा सहजासहजी चुरगळत नाही, असं गिऱ्हाइकं म्हणायची, आणि तिला ते ऐकायला आवडायचं. आज मात्र तिला स्वतःच्याच हाताचा राग आला. तिने पुन्हा बोळा केला आणि पुन्हा बसली.

नवरा समोरच्या खुर्चीत होता. तो हे सगळं शांतपणे पाहत होता.

"तो मलाच घालायचाय ना?"

"हो."

"मग त्याच्यावर बसलीस कशाला?"

"असू दे. आज असाच घाला."

त्याने पुढे काही विचारलं नाही. पूर्वी विचारलं असतं, दिवसभर तिची टिंगल केली असती, डेपोत जाऊन चार जणांना सांगितलं असतं. आता तिने बाह्या धरल्या आणि त्याने हात आत घातले. दाढी तीन दिवसांची वाढलेली होती. तीही तिनेच वाढू दिली होती.

सारा घोटाळा इस्त्रीनेच केला होता. चार महिन्यांपूर्वी आजारी माणसांना मिळणाऱ्या सरकारी मदतीसाठी तिने त्याचा अर्ज भरला, तेव्हा तपासणीला त्याला नवरदेवासारखं नटवून नेलं होतं. दाढी करून दिली, नखं कापली, काय विचारतील आणि काय सांगायचं याची तीन दिवस उजळणी घेतली. नकाराचं पत्र आलं त्यात लिहिलं होतं, की अर्जदार स्वच्छ, इस्त्रीच्या कपड्यांत हजर होता आणि त्याने विचारलेल्या प्रश्नांची सुसंगत उत्तरं दिली. खाली दुसरं कारण होतं. पत्नी कामावर असताना अर्जदार रोज साडेचार तास घरी एकटा सुरक्षित राहतो, असे तिच्याच निवेदनावरून दिसते.

ते निवेदन तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, आणि थोड्या अभिमानानेच. चार चांगल्या गोष्टी लिहिल्या की वरच्या लोकांचं मत चांगलं होईल, असा तिचा हिशेब. पाहुणे यायच्या आधी घरातला पसारा पलंगाखाली ढकलावा, तसं तिने ते केलं होतं.

नवरा बसच्या डेपोत वेळ नोंदणारा होता. कुठली गाडी किती वाजता सुटली, किती वाजता पोचली, हे बावीस वर्षं त्याने लिहिलं आणि दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासलं. मग कधीतरी त्याला वाटायला लागलं, की आपण पाहत राहिलो नाही तर गाडी पोचणार नाही. तो शेवटची गाडी येईपर्यंत फाटकात उभा राहू लागला. नंतर ती आल्यावरही घरी येईना. एका सकाळी भरलेल्या गाडीपुढे जाऊन उभा राहिला आणि तिला सुटूच देईना. साहेबांनी चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि घरी पाठवलं ते कायमचं. त्याला सहा वर्षं झाली. डॉक्टरांच्या कागदावर आजाराचं नाव ओळभर होतं. घरात दोघं त्याला नुसतं 'ते' म्हणत.

आता लाँड्रीच्या मालकीणबाईंनी सांगितलं होतं, की एक तारखेपासून पूर्ण दिवस यायचं, नाहीतर येऊच नको, दुसरी बघते. पूर्ण दिवस म्हणजे नऊ तास. मदत मंजूर झाली तर ती मालकीणबाईंना नाही म्हणू शकणार होती. नाही झाली तर नऊ तास त्याला एकटं ठेवायचं. साडेचार तास ठीक होते. नऊ तास नव्हते.

सार्वजनिक वाचनालयाच्या जिन्याखाली एक म्हातारे निवृत्त कारकून बसायचे आणि लोकांचे अर्ज फुकट लिहून द्यायचे. त्यांना सगळे अर्जवाले काका म्हणत. तिचा जुना अर्ज वाचून ते तिच्याकडे बघतच राहिले.

"पोरी, तू मदतीचा अर्ज लिहिलायस, की नवऱ्यासाठी स्थळ बघते आहेस?"

तिला हसू आलं आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणीही. काकांनी अपील लिहून दिलं आणि एक वही करायला सांगितली. रोज काय होतं ते लिहायचं, चांगलं नाही, वाईट तेवढं लिहायचं. आणि मुख्य म्हणजे ते साडेचार तास. सगळी गाडी तिथेच अडली आहे, तिथे काहीतरी घडायला हवं. ती म्हणाली, तिथे काही घडतच नाही हो काका, ते नुसते खुर्चीत बसून असतात, मी परत येते तेव्हा ताट धुऊन पालथं घातलेलं असतं. काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"मग घडव," ते म्हणाले.

तिने वही केली. तीन आठवडे रोज संध्याकाळी लिहिलं, आणि लिहून झालं की इस्त्रीच्या घोंगडीखाली सारून ठेवलं. लिहिताना आपण घरातल्या माणसाची चुगली करतोय असं वाटायचं, म्हणून मागचं कधी वाचलं नाही. अकरा तारखेला तिने लिहिलं, की मी कामावर असताना ह्यांच्याकडून गॅस चालू राहिला, आले तेव्हा घरभर वास होता. असं काही झालं नव्हतं. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

ती रोज नऊ दहाला निघायची. दारापासून कोपऱ्यापर्यंत दीडशे पावलं होती. तेवढी चालताना वळून बघायचं नाही, हा तिचा नियम होता. पहिल्या वर्षी एकदा वळली होती, तर पाय पुढे पडेना आणि अर्ध्या दिवसाचं काम बुडालं. तेव्हापासून बघणं बंद.

अपिलाची सुनावणी सरकारी कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर होती. बाहेर एकमेकींना जोडलेल्या लोखंडी खुर्च्या होत्या, एकजण हलला की सगळी रांग हलायची. चुरगळलेल्या शर्टात नवरा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होता.

"चार मिनिटं मागे आहे," तो म्हणाला.

तिचा हात दोनदा त्याच्या कॉलरकडे गेला आणि दोनदा तिने तो मांडीवर परत आणला.

आत टेबलामागे दोघं होती. अध्यक्षबाई बोलताना पेनाचं टोपण काढायच्या आणि घालायच्या. शेजारचे डॉक्टर सर्दीने बेजार झालेले, हातात रुमाल. अध्यक्षबाईंनी कागद चाळले आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"पहिल्या अर्जात तुम्ही लिहिलंय, मी नसताना ते शांत असतात. आता म्हणता, एकटे राहूच शकत नाहीत. यातलं खरं कुठलं?"

तिने उत्तर पाठ करून आणलं होतं. त्याऐवजी तिने वही टेबलावर पुढे सरकवली.

"यात लिहिलंय सगळं," ती म्हणाली.

अध्यक्षबाईंनी सुरुवातीची पानं वाचली. गॅसच्या नोंदीशी आल्या तेव्हा थांबल्या, खाली रेघ मारली आणि वही डॉक्टरांना दिली. काही माणसांना मासिक उलट्या बाजूने चाळायची सवय असते. डॉक्टरांनी वही तशीच मागून उघडली, आणि रुमाल खाली ठेवला.

"या मागच्या नोंदी कुणाच्या?"

"कुठल्या मागच्या?" तिने विचारलं.

"माझ्या," नवरा म्हणाला. एवढ्या वेळात तो पहिल्यांदाच बोलत होता. "शेरे मागच्या पानापासून लिहायचे असतात. पुढची पानं नोंद करणाऱ्याची. मागची तपासणाऱ्याची."

डॉक्टर वाचू लागले.

"अकरा तारीख. गॅस चालू राहिला नव्हता. गॅसला हात लावलेला नाही. पुढच्या पानावरची नोंद चुकीची आहे."

 तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर ना राग होता ना ओशाळलेपणा. चुकीची वेळ दुरुस्त करून दिल्यावर डेपोत तो जसा दिसायचा, तसाच तो दिसत होता. झालं, सगळं संपलं, तिला वाटलं. आता एक तारखेपासून नऊ तास.

"खुर्चीत बसून होते, हीही नोंद चुकीची," डॉक्टर पुढे वाचत होते. त्यांचा आवाज हळूहळू उतरत गेला. "सुटली नऊ दहा. पोचली एक चाळीस. मधल्या वेळात खिडकीशी उभा. बसलो नाही. जेवलो नाही. जेवण मागच्या खिडकीतून कुत्र्याला टाकलं. ताट धुऊन ठेवलं, ती विचारते म्हणून. बारा तारीख. सुटली नऊ दहा. पोचली एक बेचाळीस. उभा. तेरा तारीख. सुटली नऊ अकरा..."

त्यांनी पान उलटलं.

"सतरा तारीख. सुटली नऊ दहा. पोचली दोन पाच. पंचवीस मिनिटं उशीर. दारापर्यंत गेलो. कडी काढता आली नाही. डोकं दारावर आपटलं, चार वेळा. ती आली तेव्हा खुर्चीत बसलो."

सतरा तारीख तिच्या लक्षात होती. त्या दिवशी काम संपल्यावर ती घरी आली नव्हती. रस्त्यातल्या एका बाकावर नुसती बसली होती. काही केलं नाही, कुणाशी बोलली नाही. पंचवीस मिनिटं ऊन अंगावर घेत बसली आणि तिला इतकं बरं वाटलं होतं, की घरी आल्यावर त्याच्या कपाळावरचा लाल डाग दिसूनही त्याच्या 'झोपेत लागलं'वर तिने विश्वास ठेवला होता.

 टोपण काढण्या-घालण्याचा आवाज थांबला होता.

"गॅसची नोंद खोटी आहे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"हो. मीच लिहिली," ती म्हणाली. "बाकीचं मला माहीत नव्हतं."

अध्यक्षबाई नवऱ्याकडे वळल्या. रोज असं होतं तर पत्नीला सांगितलं का नाही, असं त्यांनी हळूच विचारलं.  प्रश्न त्याला सोपा वाटला असावा, पण कुणी विचारेल असं वाटलं नसावं.

"ती वेळेवर यायची," तो म्हणाला. "गाडी वेळेवर असली की वर कळवायचं नसतं."

डॉक्टरांनी कागदावर पुष्कळ काही लिहिलं. ते आपल्या बाजूचं होतं की विरुद्ध, हे तिला उलट्या बाजूने वाचता येईना. अक्षर नीट आहे, तारखा नीट आहेत, हे ते कौतुकाने लिहितायत की पुरावा म्हणून, तेही कळेना. निकाल चार आठवड्यांत टपालाने येईल, वही इथेच राहील, असं सांगण्यात आलं. एक तारीख त्याआधीच येणार होती.

"वहीची पावती?" नवऱ्याने विचारलं.

अध्यक्षबाईंनी पावती लिहून दिली. त्याने ती घडी करून चुरगळलेल्या शर्टाच्या खिशात ठेवली.

दोघं घरी आली. तिला त्याच्यावर ओरडायचं होतं, त्याचे पाय धरायचे होते, आणि सहा वर्षं रोज मुकाट्याने दीडशे पावलं चालणाऱ्या त्या बाईच्या एक मुस्काटात मारायची होती. यातलं काहीच तिने केलं नाही. त्याची दाढी करून दिली. तो शर्ट धुतला, वाळल्यावर त्याला इस्त्री केली, आणि या वेळी कॉलरवर जरा जास्तच दाब दिला. झोपण्याआधी खुर्ची ओढून खिडकीशी नेली आणि खिडकीच्या कठड्यावर नवी वही ठेवली. त्याने ते पाहिलं.

सकाळी तिने ताट झाकून कठड्यावरच ठेवलं.

"निम्मं तरी खा," ती म्हणाली. "कुत्र्याचं मी बघीन."

"बरं."

"वेळेवर येईन."

"बरं."

ती नऊ दहाला निघाली. दीडशे पावलं झाली. कोपऱ्यावर आल्यावर तिने नियम मोडला आणि मागे वळून पाहिलं.

तो खिडकीत होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. खालून कुणालाही वाटलं असतं, की एक गृहस्थ सकाळची हवा खातोय. खुर्ची त्याने मागे सारली होती. तिने हात वर केला. त्याने हात केला नाही. मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, मान खाली घातली आणि लिहिलं.

मग तो पुन्हा तिच्याकडे पाहू लागला. ती हलत नव्हती, म्हणून तो वाट पाहत होता.  एक तारखेला नऊ दिवस उरले होते. पुन्हा त्याने घड्याळात पाहिलं. आपण इथे उभ्या राहू तेवढी मिनिटं त्या वहीत जाणार आहेत आणि तेवढीच तो उभा राहणार आहे, हे तिच्या लक्षात आलं.

तिने पाय उचलला आणि कोपऱ्यावरून वळली.