चारशे पस्तीस

नूरुद्दीन परकारला नव्याण्णव उत्तरं येत होती, शंभरावं येत नव्हतं. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात एकूण सभासद किती, असं अफशाँने विचारलं की तो कधी चारशे त्रेपन्न म्हणायचा, कधी तीनशे पंचेचाळीस, आणि एकदा गोदामातून दमूनभागून आला होता त्या दिवशी त्याने पंपाच्या कुठल्याशा वॉशरचा पार्ट नंबरच ठोकून दिला. दम्मामच्या एका ट्रेडिंग कंपनीत बावीस वर्षं यंत्रांचे सुटे भाग सांभाळून त्याचं डोकं आकड्यांनी गच्च भरलं होतं. त्यात हा आणखी एक कुठे कोंबायचा?

"चारशे पस्तीस, अब्बा," अफशाँ सांगायची. पोरीचा आवाज कधी चढायचा नाही. "चार, तीन, पाच. पुन्हा म्हणा."

"चारशे पस्तीस. एवढी माणसं करतात तरी काय तिथं?"

"कायदे करतात."

"मग बरोबर आहे. म्हणून बारा वर्षं लागली."

बारा वर्षांचा हिशेब खरा होता. नूरुद्दीनचा थोरला भाऊ कादिर शिकागोला किराण्याचं दुकान चालवायचा. तो तिथला नागरिक झाला तेव्हा, दोन हजार एकच्या उन्हाळ्यात, त्याने धाकट्या भावाच्या कुटुंबासाठी अर्ज टाकला. अफशाँ तेव्हा नऊ वर्षांची होती आणि तिचा भाऊ सुफियान तीन. मग रांग. दर ईदला कादिरचा फोन यायचा, "बस, आता आलाच नंबर," आणि नंबर काही यायचा नाही. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण त्या नकटीचं निदान लग्न ठरलेलं तरी असतं. पुढे पुढे नूरुद्दीनने विचारणंच सोडलं होतं.

आणि दोन हजार तेरामध्ये, नको त्या वर्षी की हव्या त्या वर्षी कोण जाणे, अमेरिकन वकिलातीचं पत्र आलं. मुलाखतीची तयारी ठेवा, कागद जमवा.

त्याच वर्षी सौदी सरकारने कंपन्यांना रंग वाटले होते. ज्यांच्याकडे सौदी माणसं पुरेशी त्या हिरव्या, ज्यांच्याकडे कमी त्या पिवळ्या, ज्यांच्याकडे नावालाच त्या लाल. नूरुद्दीनची कंपनी लाल झाली. लाल कंपनीला कामगारांचे इकामे नवे करून मिळत नाहीत, आणि राहण्याचा तो परवाना गेला की माणूस इथे असून नसल्यासारखा. त्याचा कफील, म्हणजे त्याचा जामीन राहिलेला मालक अबू सालेह, मनाने वाईट नव्हता. त्याने नूरुद्दीनला केबिनमध्ये बसवून वेलदोड्याचा कावा पाजला, खजूर पुढे केला आणि म्हणाला, "नूर, तू माझा भाऊ. पण माझ्या हातात काही नाही. खलास." बावीस वर्षांच्या शेवटाला एक खजूर आला. नोव्हेंबरात इकामा संपणार होता आणि त्याच्या आत कुठेतरी जायलाच हवं होतं.

म्हणून ते शंभर प्रश्न. कादिरने त्या प्रश्नांची निळी पुस्तिका मुंबईमार्गे येणाऱ्या एका ओळखीच्या हाती पाठवली होती. अशाच पुस्तिकेवर तो स्वतः परीक्षेत पास झाला होता. "हे पाठ करा, तुम्हाला कोणी अडवत नाय," असं त्याने फोनवर छातीठोक सांगितलं. कादिरला माहीत कमी असायचं पण खात्री फार असायची, आणि दमलेल्या माणसाला खात्री हवीच असते. कोणी म्हणालं नाही की अरे, ही परीक्षा नक्की कशाची ते एकदा बघा.

अफशाँ शिकवायला बसली. इंडियन स्कूलमधून बारावी करून तिने घरी बसून पत्राने बी.ए. केलं होतं आणि इमारतीतल्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या शिकवण्या घ्यायची. आता संध्याकाळी पाच वाजता चिल्लीपिल्ली गेली की त्याच सतरंजीवर आईबाप बसायचे. हलिमा दापोली तालुक्यातल्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. तिने शंभराची शंभर उत्तरं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर देवनागरीत उतरवली आणि ते कागद शेगडीच्या वरच्या टाइल्सवर चिकटवले. घावन उलटता उलटता ती पुटपुटायची, "काँग्रेस, प्रेसिडेंट, कोर्ट. चेक्स अँड बॅलन्सेस." दुसऱ्या आठवड्यात अमेरिकेच्या घटनेवर फोडणीचे डाग पडले, पण हलिमाचं एक उत्तर चुकत नव्हतं.

नूरुद्दीन मात्र प्रत्येक उत्तराशी भांडायचा. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढलेल्या त्यांच्या पुढाऱ्याने काय केलं, या प्रश्नाला उत्तर होतं, सर्वांच्या समानतेसाठी झटला.

"झटला ते कळलं. मिळाली काय?"

"उत्तरात तेवढंच आहे, अब्बा."

"बघ. त्यांचंच उत्तर अर्धवट, आणि पास-नापास आम्हाला करणार."

घटनेच्या पहिल्या दुरुस्तीने दिलेले हक्क त्याला आवडले. बोलण्याचा, धर्माचा, एकत्र जमण्याचा, वर्तमानपत्राचा आणि सरकारकडे अर्ज करण्याचा. "अर्जाचा?" तो हसला. "अगो, हा हक्क तर मी बावीस वर्षं वापरतोय. उत्तर द्यायची सक्ती कोणावर हाय, ते बघ जरा पुस्तकात." अफशाँ हसायची नाही. ती खाली बघून पान उलटायची. नूरुद्दीनला वाटायचं, पोरगी कंटाळली असेल. कंटाळणारच, त्याला स्वतःला तरी कुठे उत्साह होता? रोज गोदामात जाऊन स्वतःच्याच हाताने कपाटांच्या याद्या करून द्यायच्या, घरी येऊन परक्या देशाचे न्यायाधीश मोजायचे. नऊ होते.

बाराव्या प्रश्नावर मात्र त्याने वाद घातला नाही. कायद्याचं राज्य म्हणजे काय? कायदा सर्वांना पाळावा लागतो, कायद्यापेक्षा कोणी मोठा नाही. "हे चांगलं हाय," तो म्हणाला. "असंच पायजे. वशिला नाय, वास्ता नाय. आपला नंबर आला की आपला." हे उत्तर त्याने एका दमात पाठ केलं.

तीन महिने असे गेले. मुलाखतीसाठी रियाधला निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तो जेवायला आला, हात धुतले आणि कोणी न विचारताच म्हणाला, "चारशे पस्तीस." हलिमाने टाळ्या वाजवल्या. अफशाँ स्वयंपाकघरात निघून गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

पहाटेच्या नमाजानंतर कोरोलात बसून चौघे निघाले आणि साडेनऊला रियाधच्या वकिलातीत पोचले. नूरुद्दीनने भाच्याच्या लग्नातला कोट घातला होता. त्याची बटणं आता लागत नव्हती. काचेपलीकडे आखूड केसांची एक तरुण अमेरिकन बाई आणि तिच्या शेजारी हिंदी बोलणारी दुभाषी. चार पासपोर्ट काचेखालून आत गेले.

भाऊ काय करतो? किराणा. शेवटचे कधी भेटलात? आई वारली तेव्हा. तुम्ही काय काम करता? स्टोअरकीपर. नूरुद्दीन मनात वाट बघत होता की आता सुरू होईल, सिनेटर किती, न्यायाधीश किती. बाईने संगणकावर काहीतरी बघितलं, पुन्हा बघितलं, एका कागदावर वजाबाकी केली. मग तीन पासपोर्ट बाजूला ठेवले आणि चौथा काचेखालून परत सरकवला. तो अफशाँचा होता.

दुभाषीने समजावून सांगितलं. मुलगी एकवीस वर्षांच्या आतली असेल तरच आईबापाच्या अर्जात बसते. अर्ज मंजूर व्हायला लागलेले दिवस वजा केले तरी हिचं वय सव्वीस दिवसांनी जास्त भरतं. "बाक़ी तीनों का वीज़ा हो जाएगा. बेटी का नहीं."

नूरुद्दीनच्या डोक्यात काही शिरेना. शिरलं ते एवढंच की आपली परीक्षा घेतलीच नाही. तो काचेला तोंड लावून बोलायला लागला. "मॅडम, आप सवाल पूछो ना. सौ के सौ आते हैं. सब इसी ने पढ़ाया. फोर हंड्रेड थर्टी फाइव्ह! नाइन जज! पूछो!"

बाई गोंधळली. दुभाषीने तिच्याशी हळू काहीतरी बोलून घेतलं आणि मान खाली घालून म्हणाली, "अंकल, वो तो सिटिज़नशिप का इम्तिहान है. वहाँ जाने के पाँच साल बाद. यहाँ कोई नहीं पूछता."

हलिमाने अफशाँचं मनगट धरलं. "अगो, विचार हिला. अठरा वर्षांची झाली की मत देता येतं, हे मीच पाठ केलंय. मग एकवीस झाली की माझी मुलगी कशी नाय? किती वर्षांपर्यंत मुलगी आपली असते, याचं उत्तर कुठं हाय? विचार!"

अफशाँने विचारलं नाही. "अम्मी, चला," एवढंच म्हणाली.

"आय ॲम सॉरी," काचेपलीकडची बाई म्हणाली, आणि ती खरंच दिलगीर दिसत होती. "इट्स द लॉ." हे समजायला नूरुद्दीनला दुभाषी लागली नाही. बाराव्या प्रश्नाचं उत्तर होतं ते. वशिला नाय, वास्ता नाय.

ते परतीच्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना तीच वाळू, तेच उंटांचे फलक. हलिमा पुढच्या सीटवर पदरात तोंड घालून रडत होती. सुफियान एकदाच बोलला, "इट्स नॉट फेअर, अब्बा," आणि खिडकीकडे तोंड करून बसला. पंधरा वर्षांचं पोर, पण बोलला ते खरंच होतं. पेट्रोल पंपावर नूरुद्दीनने गाडी थांबवली, चार चहा आणले, आणि चहा देताना त्याने अफशाँच्या चेहऱ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. ती दुःखी होती, पण तिला धक्का बसलेला नव्हता. इतकी वर्षं माल तपासलेल्या माणसाला एवढं तरी कळतं.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"कधीपासून?"

"वकिलातीचं पत्र आलं तेव्हापासून. मी दिवस मोजले. तीनदा मोजले. दर वेळी सव्वीसच आले."

"आणि हे प्रश्न? हे विचारत नाय, ते पण?"

"ते पण."

नूरुद्दीनने कप गाडीच्या टपावर आदळला आणि चहा कोटावर सांडला. "मग तीन महिने आम्हाला येडं बनवलंस? मी पन्नाशीचा बाप्या सतरंजीवर बसून न्यायाधीश मोजतोय, आणि तू..."

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही पत्र फाडून टाकलं असतं."

"आताही फाडीन! मी नाय जायची पोरीला टाकून," हलिमा म्हणाली.

"अम्मी, आणि इथे तरी कुठे राहणार आहोत? नोव्हेंबरात इकामा संपतो. सुफियान पंधराचा आहे. त्याचे पण दिवस चाललेत. आज गेला नाहीत तर सहा वर्षांनी त्याचाही पासपोर्ट असाच परत येईल." ती पाढे शिकवताना बोलायची तशीच बोलत होती. "मी दाभोळला मासूमा फुफूकडे राहीन, अब्बांची बहीण मला नाही म्हणायची नाही. तिथल्या शाळेत विचारून ठेवलंय. तुम्ही तिथे गेल्यावर माझ्यासाठी अर्ज करा. आठेक वर्षं लागतील."

आठ वर्षं. नूरुद्दीनने बारा बघितली होती. तो गाडीच्या दारात पाय बाहेर सोडून बसला. लाल कंपनी, कफीलचा खजूर, यातलं काही त्याला इतकं लागलं नव्हतं. त्याला लागलं ते हे, की त्याच्या पोरीने हे ओझं तीन महिने एकटीने वाहिलं आणि त्याला वाटलं ती कंटाळली आहे.

"मग शिकवलंस कशाला गो?" त्याने विचारलं. आता आवाजात राग नव्हता. "विचारणार नव्हते, तर एवढं कशाला?"

अफशाँने रिकामा कप हातात फिरवला. "पाच वर्षांनी विचारणार आहेत ना. नागरिक व्हायला तुम्हाला दोघांना ही परीक्षा द्यावीच लागेल. तुम्ही नागरिक झालात की माझा अर्जही भक्कम होईल." ती जरा थांबली. "तेव्हा शिकवायला मी तिथे नसणार. म्हणून आत्ताच शिकवून ठेवलं."

पंपावरचा बांगलादेशी माणूस काच पुसून गेला. हलिमाने मागे हात नेऊन पोरीचा गुडघा धरला आणि धरूनच ठेवला. नूरुद्दीनने गाडी सुरू केली. दम्माम अजून दोनशे किलोमीटर होतं.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "विचार."

"काय?"

"प्रश्न विचार. विसरायला नको."

अफशाँने आरशात त्याच्याकडे बघितलं. तिने पुस्तिका काढली नाही. तिला लागतही नव्हती. "प्रतिनिधिगृहात एकूण सभासद किती?"

नूरुद्दीनला येत होतं. आता मरेपर्यंत तो आकडा त्याच्या डोक्यातून जाणार नव्हता. तीन तासांपूर्वी त्याने तो भर वकिलातीत ओरडून सांगितला होता आणि गाडीतल्या तिघांनीही ऐकला होता.

"चारशे त्रेपन्न," तो म्हणाला.

हलिमा नवऱ्याकडे बघत राहिली.

"नाही, अब्बा," अफशाँ म्हणाली, आणि त्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच तिचा आवाज कातर झाला. "चारशे पस्तीस. चार, तीन, पाच. पुन्हा म्हणा."